तेरा इंचांचा ठराव

सत्तावीसच्या सत्तावीस सह्या खऱ्या होत्या, आणि माझ्या क्लायंटला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं.

“सुनीता, परत एकदा बघ,” ग्रेग फोनवर म्हणाला. ग्रेग हा ह्यूस्टनमधला अ‍ॅटर्नी. “नऊ जणींनी अ‍ॅफिडेव्हिट दिलंय की आम्ही या ठरावावर सही केलेली नाही. नऊही खोटं बोलतायत?”

“ते मला माहीत नाही. सह्या त्यांच्याच हातच्या आहेत, एवढं मला माहीत आहे.”

“क्रिस्टलची पण?”

“चौदा नंबरची सही. तिचीच आहे.”

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, “हे रिपोर्टमध्ये आत्ताच घालू नकोस.”

नोकरीत आणि निवृत्तीनंतर हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की ते कानावर पडलं की मी आधी रिपोर्टच टाइप करायला घेते.

मी डॉक्युमेंट एक्झामिनर. म्हणजे कागद तपासणारी. अक्षर बघून स्वभाव सांगणारी नव्हे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पार्टीत अजूनही कुणी ना कुणी टिश्यू पेपरवर चार ओळी लिहून माझ्यापुढे धरतं, म्हणून हे आधीच सांगते. सही कोणाची, शाई कोणती, कागद कुठला, पान बदललंय का, एवढंच मी बघते. इथल्या एका सरकारी लॅबमध्ये तेवीस वर्षं काढली. आता ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये घरातल्या मागच्या खोलीत मायक्रोस्कोप, दिवे आणि लॅबने मोडीत काढलेलं एक मशीन ठेवून खासगी कामं घेते.

हे प्रकरण होतं व्हॉलीबॉलचं. टेक्सासमधल्या फिलिपिनो लोकांची एक असोसिएशन आहे. आया, मुली, मावश्या सगळ्या खेळतात. इथे जन्मलेल्या चांगल्या मुलींची यादी ही असोसिएशन दोन वर्षांतून एकदा मनिलाला पाठवते, तिकडच्या राष्ट्रीय कॅम्पसाठी. यादीवर नाव असेल तरच कॅम्पला बोलावणं येतं. आता अडचण अशी, की गेल्या निवडणुकीनंतर असोसिएशनची दोन बोर्डं झाली होती. दोन अध्यक्ष, दोन लेटरहेड, दोन फेसबुक पेजेस, आणि दोघांचंही म्हणणं की मनिलाने आपल्यालाच मान्यता दिलीय. एका शहरात दोन महाराष्ट्र मंडळं का निघतात हे ज्याने जवळून पाहिलंय, त्याला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

जुन्या बोर्डाने, म्हणजे ग्रेगच्या पक्षाने, सहा मुलींची यादी केली होती. नव्या बोर्डाचा अध्यक्ष रेने याने एक ठराव पुढे आणला: एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये खास सभा झाली, सत्तावीस सभासद हजर होते, त्यांनी जुनी यादी रद्द केली आणि नवी करण्याचा अधिकार नव्या बोर्डाला दिला. पहिल्या पानावर टाइप केलेला ठराव. दुसऱ्या पानावर आखलेले तीन रकाने: नंबर, नाव, सही. सभासद एक्केचाळीस, सह्या सत्तावीस. म्हणजे बहुमत झालं.

क्रिस्टल ही जुन्या यादीतली मुलगी. वय तेवीस, फिजिकल थेरपीचं शिक्षण चालू, टीमची कॅप्टन, आणि सेटर, म्हणजे दुसरीला मारायला चेंडू उचलून देणारी. पुढच्या कॅम्पपर्यंत ती वयात बसणार नव्हती. ज्या ठरावाने तिचं नाव कापलं जाणार होतं, त्या ठरावावर चौदाव्या नंबरला तिचीच सही होती.

मी तिला नमुन्याच्या सह्या घ्यायला घरी बोलावलं होतं. उंच, खांदे थोडे वाकलेले, बोलताना दर वाक्याला “मॅम”. बाकीच्यांच्या सह्या जुन्या फॉर्मांवरून मिळाल्या होत्या; तिच्याकडून वीस सह्या करून घेतल्या. ती नाव ‘के’ने लिहिते; वीसही वेळा त्या ‘के’चा पाय तिने तसाच मागे ओढला आणि शेवटच्या ‘एल’ला तोच घाईचा झटका दिला.

“तू या कागदावर सही केली होतीस का?” मी विचारलं.

“नो मॅम. मी त्या मीटिंगला गेलेच नव्हते. मी स्वतःचंच नाव कशाला कापेन?”

प्रश्न बरोबर होता. पण बरोबर प्रश्न विचारणारे लोक खोटं बोलत नाहीत असा माझा अनुभव नाही. सहीच्या बदल्यात कोणी तिला दुसरं काही कबूल केलं असेल, नंतर फिरलं असेल, आता ती हात झटकतेय. असलं पुष्कळ पाहिलंय. ती गेल्यावर मी तिच्या सह्या ठरावाच्या स्कॅनशेजारी ठेवून बघितल्या आणि मला तिचा राग आला, हे कबूल करते. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे शपथ. शपथेवर खोटं बोलणाऱ्या तरुण पोरी मला अजिबात बघवत नाहीत.

संशय मात्र मला सगळ्यांचाच येत होता. नऊ जणी नाही म्हणत होत्या. उरलेल्या अठरा जणी हो पण म्हणत नव्हत्या, नाही पण म्हणत नव्हत्या. एकीला मी फोन केला तर तिने “टीटा बेबीला विचारा” म्हणून ठेवून दिला.

टीटा म्हणजे त्यांच्याकडची मावशी किंवा काकू. बेबी हे बाईंचं घरगुती नाव, वय बहात्तर. आपल्याकडे बेबीआत्या असते तशीच. बारा वर्षं असोसिएशनची सेक्रेटरी, सगळे कागद तिच्या ताब्यात, आणि आता रेनेच्या बाजूला. मूळ ठराव तिच्याकडेच होता. स्कॅनवरून मी कधीच पक्कं मत देत नाही, म्हणून मेडिएटरच्या ऑफिसात मूळ कागद बघायची वेळ ठरली होती. मेडिएटर म्हणजे कोर्टाबाहेर समेट घडवणारी व्यक्ती; इथे एक निवृत्त जज बाई होत्या.

टीटा बेबी लांबट, बटणाच्या प्लास्टिक पाकिटात ठराव घेऊन आली. मी हातमोजे घातले, पट्टी लावली आणि थांबले. कागद तेरा इंच लांब होता.

अमेरिकेत साधा कागद अकरा इंचांचा. वकिली कागद, ज्याला लीगल म्हणतात, तो चौदा. तेरा इंचांचा कागद इथल्या दुकानात मिळत नाही.

“हा कुठला कागद?” मी विचारलं.

“लाँग बाँड!” टीटा बेबी एकदम खुलली. “आमच्याकडे शाळेपासून ऑफिसपर्यंत सगळं लाँग बाँडवर. इथे मिळत नाही, मी दर वेळी मनिलाहून सुटकेसमध्ये आणते. माझी पाकिटं पण त्याच मापाची.”

मला हसू आलं. मी स्वतः कित्येक वर्षं पुण्याहून फुलस्केप वह्या आणत होते. सून आणि मुलगा दोघं माझ्यावर हसायचे. बाई मला आवडली. आमच्या धंद्यात माणूस आवडलं की काम कच्चं होतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

दोन्ही पानं तेरा इंच. पानं जुळली. मग मी छोटा अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात, ती या दिव्यात चमकतात. वेगळ्या कारखान्याचा कागद वेगळा चमकतो. पहिलं पान मळकट पिवळं दिसलं. दुसरं निळसर पांढरं.

“हे दोन कागद वेगळे आहेत,” मी म्हटलं.

“एक गठ्ठा संपला असेल, दुसरा उघडला,” टीटा बेबी म्हणाली.

कोपऱ्यात उभा असलेला रेने म्हणाला, “मॅडम, तुम्ही सह्या बघायला आलायत ना?”

पन्नाशीचा, इस्त्रीचा पोलो शर्ट, खिशाला असोसिएशनचा बिल्ला. मी त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा अर्धा तास खरंच सह्याच बघत बसले. कागदाच्या कडांचे फोटो काढले खरे, पण नेहमीची सवय म्हणून. ते उघडून बघितले नाहीत. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ग्रेगला फोन करून सांगितलं की सगळ्या सह्या खऱ्या.

शनिवारी मंडळाच्या नाटकाची तालीम होती. मी प्रॉम्प्टिंगला. मधल्या सुट्टीत आमच्या शैलाकाकू क्लिपबोर्ड घेऊन आल्या. वय पंच्याहत्तर, मंडळात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही.

“सुनीता, पटकन सही कर गं. चहा गार होतोय.”

मी सही केली, क्लिपबोर्ड शेजारच्या नितीनकडे दिला. त्याने केली, पुढे दिला. गाडीत बसून हायवेला लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या एक्झिटला बाहेर पडून गाडी लावली आणि शैलाकाकूंना फोन केला.

“काकू, मी मघाशी कशावर सही केली?”

“अगं, हॉल क्लीनिंगची ड्यूटी. दुसरा सॅटर्डे, तू आणि नितीन. का? कॅन्सल करायचंय का? आता नाही हं होणार.”

“नाही, करते मी.”

तेवीस वर्षं लोकांच्या सह्यांवरून साक्षी दिलेली बाई, काकूंनी पुढे केलेल्या कागदाचं शीर्षकसुद्धा न वाचता सही करून मोकळी झाली होती. आणि त्याच आठवड्यात मी एका मुलीला मनातल्या मनात खोटारडी ठरवली होती. गाडीत बसून मला स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन कडांचे फोटो मोठे करून बघितले. पहिल्या पानाच्या चारही कडा कारखान्यात कापलेल्या, सरळ. दुसऱ्या पानाच्या तीन कडा तशाच. वरची कड मात्र कात्रीने कापलेली. जिथे कात्रीचं पातं पुढे सरकलं तिथे बारीक पायऱ्या, आणि उजवीकडे कागद केसभर तिरका. दुसरं पान लाँग बाँड नव्हतंच. अमेरिकन लीगल कागद, चौदा इंचांचा, वरून एक इंच कमी केलेला. आणि यादीचं शीर्षक कागदाच्या वरच्या इंचातच असतं.

मी क्रिस्टलला फोन लावला.

“गेल्या तीन महिन्यांत तू क्लिपबोर्डवर कशाकशावर सही केलीस?”

“मॅम, दर प्रॅक्टिसला काहीतरी असतं. दुखापत झाली तर केस करणार नाही असा वेव्हर, फूड ड्यूटी, जर्सी. टीटा बेबी बोर्ड फिरवते. आम्ही सही करतो. टीटाला कोण विचारणार, हे काय आहे म्हणून?”

“तो क्लिपबोर्ड कुठे आहे?”

“टीमचाच आहे. माझ्या गाडीच्या ट्रंकमध्ये. पण त्यावर काही नाही, मॅम. नुसते कोरे कागद आहेत.”

“हात लावू नकोस. वरचा कागद उलटूसुद्धा नकोस. उद्या बोर्डासकट घेऊन ये.”

आता हा कोरा कागद मला का हवा होता ते सांगते. गठ्ठ्यातल्या वरच्या कागदावर तुम्ही पेनने लिहिता, तेव्हा खालच्या कागदावर दाब उमटतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण असतो. माझ्याकडचं मशीन तो दाब दाखवतं: कागदावर पातळ प्लास्टिकची फिल्म ताणायची, तिला विजेचा भार द्यायचा आणि वरून झेरॉक्सच्या शाईसारखी काळी पूड सोडायची. जिथे दाब आहे तिथे पूड बसते.

रविवारी क्रिस्टल आली. माझ्या डोक्यात अजून एक किडा होता: हिनेच बसून कोरा कागद तयार करून आणला असेल तर? म्हणून सुरुवातीपासून व्हिडिओ चालू ठेवला, आणि तिला खोलीच्या दारातच खुर्ची दिली.

पूड सोडली. आधी काहीच नाही. मग मधे एक आडवी रेघ, मग रकाने, मग सह्या, एकाखाली एक. चौदाव्या ओळीत तो मागे ओढलेला ‘के’चा पाय आणि शेवटचा झटका. आणि अगदी वर, चिमट्याच्या खुणेखाली, मोठ्या अक्षरांत शीर्षक: जर्सी पिक-अप.

क्रिस्टल खुर्चीतून उठून आली. फिल्मवर वाकून चौदावी ओळ शोधली.

“ओह माय गॉड. जर्सी घेतली त्या दिवशी,” ती म्हणाली. “म्हणजे सही मीच केली होती. मग मी अ‍ॅफिडेव्हिटमध्ये खोटं बोलले का, मॅम?”

“नाही. ठरावावर तू सही केलेली नाहीस. तू जर्सी घेतलीस.”

ती रडायला लागली. मला अशा वेळी काय करावं कळत नाही. मी तिला पाणी दिलं आणि फिल्म पक्की करायला वळले.

मंगळवारी मेडिएशन. यादी मनिलाला पाठवायचा शेवटचा दिवस बुधवार. लांब टेबलाच्या एका बाजूला ग्रेग, क्रिस्टल आणि मी. समोर रेने, त्याचा वकील आणि टीटा बेबी, पाकीट मांडीवर घेऊन. मी पारदर्शक फिल्म ठरावाच्या दुसऱ्या पानाच्या फोटोवर ठेवली. सत्तावीस सह्या सत्तावीस सह्यांवर बसल्या. फक्त शीर्षक फोटोच्या बाहेर, टेबलावर राहिलं.

रेने पुढे झुकला. “हा कागद कुठून आला? त्या मुलीच्या गाडीतून! तिनेच बनवला असेल.”

“सत्तावीस जणींच्या सह्या, त्याच जागी, त्याच दाबाने, एकाही रेषेचा फरक न करता?” मी म्हटलं. “तसं करता येत असतं तर मी हा धंदा सोडून दिला असता.”

जज बाईंनी टीटा बेबीकडे बघितलं. “हे शीर्षक कोणाच्या अक्षरात आहे?”

टीटा बेबीने चष्मा लावला. “माझ्या.”

“मग दुसरं पान वरून कोणी कापलं?”

“मी लीगल कागद नेहमीच कापते,” ती म्हणाली. “चौदा इंच माझ्या पाकिटात मावत नाही. एक इंच कापावाच लागतो.”

रेनेचा वकील लगेच म्हणाला, “बघा. बाईंची सवय आहे. यात लबाडी काय?”

क्षणभर मलाही वाटलं, संपलं. सवयीने कापला, मग चुकून ठरावाला जोडला, माफ करा, आणि सह्या तर खऱ्याच. असल्या निरागस खुलाशांनी कितीतरी प्रकरणं पाण्यात गेलेली मी पाहिली आहेत.

“टीटा,” मी विचारलं, “तुम्ही वरून कापता की खालून?”

“खालून.” तिला प्रश्नच विचित्र वाटला. “वर तर लिहिलेलं असतं. वरून कोण कापेल?”

मग तिने स्वतःच ठराव ओढून घेतला. वरच्या कडेवरून बोट फिरवलं. खालच्या कडेवरून फिरवलं. आणि मान वळवून रेनेकडे बघितलं. त्याने काही तिच्याकडे बघितलं नाही.

“जर्सीची यादी तू मागितलीस,” ती त्याला म्हणाली. इंग्रजीतच म्हणाली, आम्हाला सगळ्यांना कळावं म्हणून असेल. “म्हणालास, साइझ चेक करायचेत. मी पूर्ण कागद दिला होता.”

रेनेच्या वकिलाने ब्रेक मागितला. वीस मिनिटांनी परत येऊन सांगितलं की त्यांचा पक्ष ठराव मागे घेतोय, “गैरसमज टाळण्यासाठी”. कात्री कोणी चालवली हे मी पाहिलेलं नाही, म्हणून रिपोर्टमध्येही लिहिलेलं नाही. टीटा बेबीला खरंच आधी काही माहीत नव्हतं का, याचीही मी खात्री देणार नाही. ठराव तिच्याच पाकिटात होता आणि वाचता तिला येतं.

जुनी यादी त्याच संध्याकाळी मनिलाला गेली. ग्रेगचा ईमेल आला, की सह्या खऱ्या आहेत हा आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा ठरला आणि आपल्याला सुरुवातीपासून तसंच वाटत होतं. मी उत्तर दिलं नाही. असोसिएशनची आता तीन बोर्डं झाली आहेत असं ऐकते.

क्रिस्टल कॅम्पला गेली आणि चौथ्या दिवशी यादीतून गळाली. तिने मेसेज केला: “मॅम, फुटवर्क स्लो आहे म्हणाले. खरंच स्लो आहे. पण त्यांनी मला खेळताना बघितलं आणि मग काढलं.” मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिच्या जागी मी असते तर मलाही एवढंच हवं असतं.

काम घेताना मी वकिलांना एक फॉर्म पाठवते. त्यात आता एक नवा प्रश्न घातलाय: सही केली तेव्हा माणसाला काय सांगितलं होतं? आतापर्यंत एकाही वकिलाने तो रकाना भरलेला नाही.